शाळा बघायला जाल तेव्हा आधी हे विचारा

गेल्या चौदा वर्षांत परदेशात नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांबरोबर मी शाळा बघायला गेले आहे. फोनवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो: "इथली सगळ्यात चांगली शाळा कुठली?" मी उलट विचारते, "तुमच्या मुलीला शू लागली तर ती इथल्या भाषेत सांगू शकेल का?" उत्तर बहुधा "नाही" असं येतं आणि मग आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

आम्ही आलो तेव्हा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. नवऱ्याच्या ऑफिसात जिचं नाव सगळे घेत होते, त्याच शाळेत त्याला घातलं. मोठं मैदान, पोहण्याचा तलाव, दारात हसतमुखाने उभ्या असलेल्या बाई. घरी अखंड बडबडणारा हा मुलगा त्या शाळेत जवळजवळ चार महिने एक शब्दही बोलला नाही. कितीदा तरी कपडे ओले करून घरी आला. शेवटी शाळेने आम्हाला बोलावून सांगितलं, "त्याचा दोन भाषांमध्ये गोंधळ होतोय. घरीसुद्धा फक्त इथलीच भाषा बोला." आम्ही नवखे होतो, शाळेला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं धरून चाललो. सहा आठवडे आम्ही दोघं स्वतःच्या मुलाशी मोडक्यातोडक्या परक्या भाषेत बोलत राहिलो. रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा आणि तिकडे तिला वाटायचं, नातू आपल्याला विसरला. ते सहा आठवडे मला आजही परत हवे आहेत.

त्या सल्ल्यात काहीच तथ्य नव्हतं, हे मला नंतर वाचून कळलं. नव्या भाषेत पडलेलं लहान मूल काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. भाषा शिकण्याचा हा नेहमीचा टप्पा आहे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास एक फरक मांडला, तो प्रत्येक स्थलांतरित आईबापाला माहीत असायला हवा. खेळताना, बोलताना लागणारी भाषा मुलं साधारण २ वर्षांत उचलतात. पण धडा समजून घ्यायला, उत्तर लिहायला जी भाषा लागते, तिच्यात वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने यायला ५ ते ७ वर्षं जातात. घरची भाषा पक्की असेल तर दुसरी भाषा तिच्यावर उभी राहते, हेही त्यांनीच ठासून सांगितलं. तेव्हा घरी मराठी सोडू नका. कुणीही, कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी.

म्हणूनच शाळेत गेल्यावर सगळ्यात आधी हे विचारा: "इथली भाषा अजिबात न येणारं मूल आलं, तर पहिले तीन महिने तुम्ही नेमकं काय करता?" "मुलं काय, पटकन शिकतात हो," एवढंच ऐकू आलं तर समजा की त्यांनी यावर विचार केलेला नाही. चांगल्या शाळेचं उत्तर बारीकसारीक तपशिलांचं असतं. आम्ही चित्रांची कार्डं वापरतो, सकाळी रोज एकच ठरलेली व्यक्ती त्याला दारातून आत घेते, सोबतीला एक मूल जोडून देतो, तुमच्याकडून रोजच्या वापरातले शब्द लिहून घेतो. आमच्या दुसऱ्या शाळेच्या बाईंनी माझ्यासमोर "दुखतंय" हा शब्द चार वेळा म्हणून बघितला. इमारत जुनी होती, मैदान म्हणावं तर अंगणाएवढं. त्याच संध्याकाळी आम्ही शाळा बदलायचं ठरवलं.

शाळा बघायला शक्यतो चालू दिवशी जा. पालकांसाठी ठेवलेल्या खास दिवशी भिंती, बाया आणि मुलं सगळीच सजवलेली असतात. वर्गात वीस-पंचवीस मिनिटं कोपऱ्यात बसू द्याल का, असं विचारा. छोट्या मुलांच्या वर्गात काही शाळा हे देत नाहीत, त्यांची कारणं रास्त असू शकतात. पण काचेतून तरी बघू द्यावं. तिथे बाईंचे गुडघे बघा. मुलाशी बोलताना त्या खाली बसतात की वरून बोलतात? एकटं बसलेल्या मुलाकडे कोण जातं, किती वेळाने जातं? भिंतीवर पंचवीस हुबेहूब एकसारखी फुलपाखरं लावली असतील, तर ती मोठ्यांनी करून घेतलेली असतात. मला वेडीवाकडी, एकीसारखी दुसरी नसलेली चित्रं बघून जास्त भरवसा वाटतो.

एका माणसामागे किती मुलं, हे विचारताना उत्तरासोबत वेळही विचारा. इंग्लंडमध्ये नर्सरींसाठी सर्वसाधारण नियम असा आहे: दोन वर्षांच्या ५ मुलांमागे एक मोठं माणूस, तीन वर्षांपुढच्या ८ मुलांमागे एक, आणि पात्र शिक्षक वर्गात असेल तर १३ पर्यंत. तुमच्या शहराचा आकडा वेगळा असेल, तो परवाना देणाऱ्या खात्याकडे मिळतो. पण सकाळी दहाला पाळलेला आकडा दुपारी चारनंतर, अर्धी माणसं घरी गेल्यावर टिकतो का? नोकरी करणाऱ्या दोघांचं मूल नेमकं तेव्हाच तिथे असतं. आणखी एक: गेल्या वर्षात किती शिक्षक शाळा सोडून गेले? ज्या मुलाने आत्ताच घर, आजी, गल्ली सगळं सोडलंय, त्याच्या बाई दर चार महिन्यांनी बदलणं फार जड जातं. या प्रश्नाला मुख्याध्यापिका अडखळल्या, तर मी तरी ती शाळा यादीतून काढते.

आता पाट्यांवरच्या नावांविषयी. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत आपली पहिली बालशाळा उघडली, पण आज बहुतेक देशांत "माँटेसरी" ही पाटी कुणीही लावू शकतं. खरं-खोटं ओळखायला दोन गोष्टी बघा. तीन ते सहा वयाची मुलं एकाच वर्गात आहेत का, आणि दोन-तीन तास सलग, मध्ये घंटा न वाजवता त्यांना काम करू देतात का? शिक्षिकांचं प्रशिक्षण कुठे झालं हेही विचारा. महागड्या लाकडी साधनांनी भारावून जाऊ नका; आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून साधनं बनवून बालवाड्या चालवल्या. रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवर १९१९ मध्ये श्टुटगार्टला सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळांमध्ये वाचन-लेखन साधारण सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत सुरू करत नाहीत. पद्धत मला मनापासून आवडते. पण तुमची नोकरी दोन वर्षांत दुसऱ्या देशात नेणारी असेल, तर तिथल्या वर्गातली मुलं वाचत असतील आणि तुमचं मूल नसेल, याची तयारी ठेवा. फिरत्या नोकरीवाल्यांना आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा अनेक देशांत चालणारा अभ्यासक्रम, सोयीचा पडतो. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली आणि तिचा प्राथमिक अभ्यासक्रम ३ ते १२ वयासाठी आहे. मात्र "उमेदवार शाळा" असं लिहिलेलं दिसलं तर तिला अजून मान्यता मिळालेली नाही, असा त्याचा अर्थ.

तपासणीचा अहवाल वाचायला आळस करू नका. दुबईत खासगी शाळांचे अहवाल केएचडीए हे सरकारी प्राधिकरण प्रसिद्ध करतं, ऑस्ट्रेलियात बालशिक्षण केंद्रांना राष्ट्रीय निकषांवर श्रेणी मिळते, अमेरिकेत परवाना आणि तपासणी राज्यागणिक वेगळी. पहिल्या पानावरची श्रेणी बघून फाइल बंद करू नका. आत, नव्याने भाषा शिकणाऱ्या मुलांविषयी काय लिहिलंय ते शोधा. त्यावर चकार शब्द नसेल, तर तीही माहितीच आहे.

इयत्तेच्या गणितात फार जण फसतात. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरात शाळेत जातं. फिनलंडमध्ये पहिली सुरू होते ती सातव्या वर्षी. जपानचं वर्ष एप्रिलमध्ये, ऑस्ट्रेलियाचं जानेवारीच्या अखेरीस. त्यामुळे भारतात मोठ्या गटात असलेलं मूल इथे थेट पहिलीत जाऊ शकतं किंवा पुन्हा वर्षभर मागे बसू शकतं. वर्गातलं सगळ्यात लहान मूल आणि त्यातून भाषा नवी, असं दुहेरी ओझं टाळता येत असेल तर टाळा. एक वर्ष मागे बसल्याने काही बिघडत नाही. नातेवाइकांना काय वाटेल, याचा विचार इथे करायचा नाही.

फीचा आकडा विचारताना वर्षाचा एकूण खर्च लिहून मागा: प्रवेश शुल्क, डिपॉझिट, बस, गणवेश, सहली, उशिरापर्यंत थांबण्याचे पैसे. नव्या भाषेच्या मदतीचे वेगळे पैसे घेतात का, हे खास विचारा. काही शाळा घेतात आणि ते माहितीपत्रकात सापडत नाही. डिपॉझिट परत मिळतं का, आणि शाळा सोडताना किती आधी कळवावं लागतं? आमचं जवळपास एका सत्राचं शुल्क याच कलमात गेलं, कारण सहीपूर्वी मी करार पूर्ण वाचला नव्हता.

वेटिंग लिस्टचं नाव ऐकून हाय खाऊ नका. मोठ्या शहरात माणसं सतत येतात-जातात, वर्षाच्या मध्यातही जागा निघतात. नाव नोंदवा आणि महिन्यातून एकदा फोन करा, नम्रपणे पण न चुकता. निघण्याआधी लसीकरणाचं कार्ड, जन्माचा दाखला आणि आधीच्या शाळेची कागदपत्रं भाषांतर करून ठेवा. क्षयरोगाची चाचणी मागितली तर मुलाला बीसीजी दिलेली आहे हे डॉक्टरांना सांगा. त्या लशीमुळे त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची चाचणी तशी फसत नाही.

अंतराविषयी माझं मत पक्कं आहे: तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज तासभर बसमध्ये बसवण्यापेक्षा घराजवळची साधी शाळा घ्यावी. जवळच्या शाळेतले मित्र संध्याकाळी खाली खेळायलाही भेटतात, आणि भाषा खरी तिथे येते.

शाळा ठरली की पहिल्या दिवसाच्या आधी एक जाड कागद घ्या. त्यावर मुलाचं नाव घरी जसं हाक मारता तसंच, इथल्या लिपीत उच्चारासकट लिहा. खाली दहा शब्द: शू, पाणी, भूक, दुखतंय, भीती वाटते, थंडी, झोप, नको, अजून, आई येईल. प्रत्येकासमोर अर्थ. बाईंच्या हातात द्या आणि "आई येईल" त्यांच्याकडून दोनदा म्हणून घ्या.