लाळ्या-खुरकूत: सिरममध्ये लस दिसतेय की लागण?

लस टोचलेल्या गाईच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या निवळ द्रवात, लाळ्या-खुरकूतच्या अँटिबॉडी सापडल्या, एवढ्यावरून तिला रोग होऊन गेला असं अहवालात लिहू नका. अँटिबॉडी कोणत्या प्रथिनाविरुद्धच्या आहेत, ते आधी पाहा.

या विषाणूचं कवच व्हीपी-१ ते व्हीपी-४ या चार प्रथिनांचं असतं, प्रत्येकाच्या ६० प्रती. पहिली तीन बाहेरून दिसतात, चौथं आतल्या अंगाला. आपल्याकडची लस म्हणजे ओ, ए आणि एशिया-१ या तीन प्रकारांचे मारलेले, पण कवच शाबूत ठेवलेले विषाणू. त्यामुळे कवचाविरुद्धच्या अँटिबॉडी लसीनेही येतात आणि रोगानेही. जिवंत विषाणू पेशीत शिरून वाढायला लागला की तो ३एबीसीसारखी कामाची प्रथिनं बनवतो. त्यांना एनएसपी म्हणतात. लस शुद्ध करताना ती काढून टाकतात, म्हणून एनएसपीविरुद्धच्या अँटिबॉडी मुख्यतः लागणीकडे बोट दाखवतात.

माणसांतही हाच हिशेब चालतो, फक्त प्रथिनं बदलतात. हिपॅटायटिस-बीच्या लसीत फक्त पृष्ठभागाचं प्रथिन असतं, म्हणून गाभ्याच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या तर लागण झालेली. कोविशील्ड ही कोविडची लस घेतलेल्या माणसात एन-प्रथिनाच्या (कोविड विषाणूच्या आतल्या प्रथिनाच्या) अँटिबॉडी दिसल्या तर लागण म्हणता येत होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला अख्खा विषाणू मारून बनवलेल्या कोव्हॅक्सिननंतर तसं ठामपणे म्हणता येत नव्हतं, कारण त्या लसीतच एन-प्रथिन होतं. लसीत काय आहे हे ठाऊक नसेल तर अहवाल वाचता येत नाही.

आता नमुना. तो बिघडतो बहुतेक वेळा गोठ्यातच. जनावराच्या तोंडात फोड दिसले की मालक तुरटीच्या पाण्याने तोंड धुतो. उपचार म्हणून ते ठीक, पण तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं आणि सामू ६.५ च्या खाली गेला की हे कवच टिकत नाही. १४६एस म्हणून ओळखला जाणारा अख्खा कण फुटून १२एसचे तुकडे होतात. म्हणून आधी नमुना, मग तुरटी. नमुना घेण्यापूर्वी तोंड साध्या पाण्याने धुवा. न फुटलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाचं साल घ्या, जिभेवरचं सर्वांत चांगलं. किमान १ ग्रॅम हवं. वाळलेल्या, पिवळट पडलेल्या जखमेच्या खपलीत फारसं काही उरलेलं नसतं. निम्मं ग्लिसरीन आणि निम्मं फॉस्फेट बफर (०.०४ मोलर) मिसळून सामू ७.२ ते ७.६ आहे का ते पट्टीने तपासा, मगच साल त्यात बुडवा. फॉर्मलिन नको. बाटली बर्फपेटीत ठेवा. पुढच्या गोठ्यात जाण्याआधी बूट ४ टक्के धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा.

विषाणू कोणत्या प्रकारचा ते सँडविच एलायझाने कळतं, म्हणजे दोन अँटिबॉडींच्या मधे विषाणू पकडून रंगाने दाखवणाऱ्या तपासणीने. खळग्यांच्या (वेलच्या) प्लास्टिक प्लेटवर विषाणू थेट चिकटवू नका. प्लास्टिकवर बसताना कवच वेडंवाकडं होतं आणि अँटिबॉडीला हवा तो भाग ओळखू येत नाही. आधी प्रत्येक प्रकाराविरुद्धचं सशाचं सिरम ९.६ सामूच्या कार्बोनेट बफरमध्ये मिसळून वेगवेगळ्या ओळींत ४ अंशांवर रात्रभर बसवा. साल निर्जंतुक वाळूसोबत खलात घोटून १० टक्के द्रावण करा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या आणि वरचं निवळ ५० मायक्रोलिटर प्रत्येक वेलमध्ये घाला. मग गिनी पिगचं सिरम, त्यावर कॉंजुगेट (गिनी पिगच्या अँटिबॉडीला चिकटणारी, एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी). प्रत्येक टप्प्याला ३७ अंशांवर तास, आणि मधे धुणं. शेवटी ओपीडी हे रंग देणारं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून १५ मिनिटांनी सल्फ्युरिक आम्लाने थांबवा, ४९२ नॅनोमीटरवर वाचा. पार्श्वभूमी (विषाणू नसलेल्या वेलचा आकडा) वजा करून आकडा ०.१ च्या वर असेल तर पॉझिटिव्ह. ०.१ च्या आसपास घुटमळणारा नमुना पुन्हा लावा. सगळ्याच ओळी रंगल्या तर तीन प्रकारांची लागण समजू नका, धुणं कमी पडलंय. निगेटिव्ह आला तरी आरटी-पीसीआर करायचंच, कारण नमुन्यात विषाणू थोडा असला तर एलायझाला तो दिसत नाही.

सिरमसाठी ५ मिली रक्त साध्या नळीत घ्या, तिरपं ठेवून गोठू द्या. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली नळी रक्तपेशी फुटून लालभडक होऊन येते आणि मग तिचा आकडा भरवशाचा राहत नाही. कवचाची आणि एनएसपीची, दोन्ही तपासण्या एकाच सिरमवर करा.

कवच पॉझिटिव्ह, एनएसपी निगेटिव्ह म्हणजे बहुधा लस. पण फोड येऊन चार-सहा दिवसच झाले असतील तर थांबा, एनएसपीच्या अँटिबॉडी मागाहून येतात. दोन-तीन आठवड्यांनी दुसरं रक्त घ्या. दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे लागण धरा, मात्र वर्षानुवर्षं लस घेतलेल्या म्हशीत एनएसपीही थोडी वर सरकू शकते. लस दिल्यानंतर महिन्याने दोन्ही निगेटिव्ह असतील तर लसीच्या पेटीकडे पाहा. लस २ ते ८ अंशांत राहिली नाही, किंवा बर्फाला टेकून गोठली, की ती निकामी होते. उष्णतेनेही १४६एस फुटतो, आणि ओ प्रकार त्यातल्या त्यात नाजूक. सहा महिन्यांच्या आतल्या वासराचा कुठलाच निकाल एकटा धरू नका, त्याच्यात आईच्या चिकातून आलेल्या अँटिबॉडी असतात. शिवाय लस घेतलेल्या जनावराला सौम्य लागण झाली तर एनएसपी वर येईलच असं नाही. म्हणून एका गाईवर नव्हे, कळपावर निदान करायचं. त्यासाठी ६ ते १८ महिन्यांची जनावरं निवडा, जुन्या लसींचा आणि जुन्या लागणीचा गोंधळ त्यांच्यात सर्वांत कमी.

नमुन्यासोबतच्या कागदावर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक, वय, फोड दिसल्याचा दिवस आणि शेवटच्या लसीची तारीख हवीच. मालकाला तारीख आठवत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. अंदाजाने तारीख टाकली तर प्रयोगशाळेतला माणूस तिच्यावर विसंबून लागणीला लस म्हणून मोकळा होतो.