रनिंग कोचला पैसे द्यायचे की नाही: गोव्यात धावणाऱ्यांसाठी

डिसेंबरात वास्कोला गोवा रिव्हर मॅरेथॉन असते, म्हणजे हाफसाठी (२१.१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन) सोळा आठवडे धरले तर तयारी ऑगस्टच्या शेवटी सुरू करावी लागते, नेमकी गणेश चवथीच्या तोंडावर. आणि याच दिवसांत लोक विचारायला लागतात की कोच लावू का, पैसे वसूल होतील का, अमक्याने लावला त्याचं टायमिंग किती सुधारलं बघ. तर हा प्रश्न कसा सोडवायचा ते लिहितो.

आधी एक गोष्ट. प्लॅन हवा म्हणून कोच लावत असाल तर पैसे वाचवा. नाइकी रन क्लबचं अ‍ॅप फुकट आहे, गार्मिनचं घड्याळ असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये गार्मिन कोच मिळतो, आणि हाफच्या बहुतेक प्लॅनचा सांगाडा एकच असतो: आठवड्यातून एक लाँग रन, एखादा जोराचा, बाकीचे आरामात, शेवटचे दहा-पंधरा दिवस किलोमीटर कमी करत आणायचे. यात गुपित काही नाही. पैसे द्यायचे ते तुमचा आठवडा कसा गेला ते बघून पुढचा आठवडा बदलणाऱ्या माणसाला. तो काही बदलत नसेल तर तुम्ही दर महिन्याला एक एक्सेल शीट भाड्याने घेताय.

आता तुमचं काय अडलंय ते बघा. त्यासाठी तीन-चार आठवडे साध्या वहीत लिहा: तारीख, किती किलोमीटर, किती वेळ, झोप कशी झाली, आणि धावताना बोलता येत होतं का. घड्याळ सगळं नोंदवतं हे खरं पण हाताने लिहिलं की आपलं आपल्याला दिसतं. मग ती पानं वाचा.

आठवड्यात चार रन ठरवलेत आणि दोनच होतायत असं दिसलं तर तुमचा प्रश्न सवयीचा आहे आणि त्याला कोच हे महागडं औषध. काही जण म्हणतात पैसे भरले की लाजेने तरी उठतो, ठीक आहे, होतं तसं, पण पहाटे साडेपाचला मिरामार सर्कलला उभा राहून फोन करणारा मित्र हेच काम चहावर करतो. पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा, कुठेही पहाटे बाहेर पडा, धावणारी माणसं भेटतात, त्यांना चिकटा.

नुकतंच सुरू केलं असेल, म्हणजे पाच किलोमीटर न थांबता अजून होत नसेल, तरीही थांबा. पहिल्या काही महिन्यांत नुसतं नियमित आणि हळू धावलं तरी सुधारणा होतेच, ती कोणाच्याही नावावर जमा होते आणि आपण फी भरणार. पी हळद आणि हो गोरी असं या खेळात चालत नाही, कोच असला तरी नाही. अर्थात वय चाळिशीपुढे असेल, बीपी-शुगर असेल, घरात हार्टचा इतिहास असेल किंवा धावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर कोचच्याही आधी डॉक्टर. इथे टंगळमंगळ नको.

मग कोच लावावा कोणी? माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा होतो तो जो नियमित धावतो आणि रोज जोरातच धावतो त्याला. वही उघडली की सगळे रन सारख्याच पेसचे (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ), सगळ्यांपुढे 'दमलो' लिहिलेलं, आणि दोन वर्षं टायमिंग तिथल्या तिथे. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने अव्वल एन्ड्युरन्स खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सेशन्स हलकी निघाली. हे वाचून सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी परत पुढच्याला गाठायला पळतात. अशा माणसाला 'आज हळू' म्हणून धरून ठेवणारं कोणीतरी लागतं, आणि त्यासाठी पैसे दिलेले परवडतात.

दुसरे म्हणजे शिफ्टवाले. हॉटेलात काम करणारा किंवा वेर्ण्याच्या कंपनीत आठवड्याला शिफ्ट बदलणारा, त्याला 'रविवारी लाँग रन' हा तयार प्लॅन काय कामाचा, त्याचा रविवार बुधवारी येतो. नाइट करून आलेल्या माणसाला इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोराचे तुकडे) द्यायचे की झोपायला सांगायचं हे अ‍ॅपला अजून नीट जमत नाही. तिसरे, पहिली फुल मॅरेथॉन किंवा मिरामारला २०१९ पासून सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ करू बघणारे, कारण १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं हे सगळं नोकरीच्या आठवड्यात बसवायचं म्हणजे खरंच डोक्याला ताप आहे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या आजारातून परत येणाऱ्यांनीही लावावा, डॉक्टरने हो म्हटल्यावर.

नडगी, टाच, गुडघा परत परत दुखत असेल तर मात्र पहिले पैसे फिजिओला द्या. दोन-तीन सिटिंगमध्ये कळतं की कुठला स्नायू कमजोर आहे, आणि कधी कधी कारण फारच साधं निघतं. मिरामारच्या किंवा कोळव्याच्या वाळूत रोज एकाच दिशेने धावलं तर किनाऱ्याच्या उतारामुळे एक पाय कायम खाली पडतो, मग तीच बाजू दुखते. ओहोटीला कडक वाळूवर धावा, जेवढं जाल तेवढंच परत या, नाहीतर सरळ रस्त्यावर या. यासाठी महिन्याची फी कशाला.

आता हिशोब. फी माणसामाणसात खूप वेगळी असते म्हणून समजायला महिना तीन हजार धरू. चार महिन्यांचे १२,०००. आठवड्याला चार रन, सोळा आठवडे, म्हणजे ६४ रन, एका रनला साधारण १८८ रुपये पडले. पण वहीप्रमाणे तुम्ही दोनच करताय तर तोच रन ३७५ ला पडतो, आणि कोचला तुमच्याकडे बघण्यासारखं फारसं काही उरतच नाही. यात येण्याजाण्याचं पेट्रोल धरा, पेडण्याहून किंवा वाळपईहून आठवड्यातून दोनदा बांबोळीच्या ट्रॅकवर यायचं तर तो खर्च आणि वेळ फीच्या बरोबरीला येऊ शकतो. आणि शूज झिजलेले असतील तर आधी शूज, हे काय सांगायला नको.

सगळं किंवा काहीच नाही असंही नसतं. बरेच कोच एकदाच बसून तुमचा लॉग बघतात, व्हिडिओ काढून फॉर्म बघतात, प्लॅन तुमच्या मापाचा करून देतात आणि महिन्यातून एक फोन ठेवतात, याचे पैसे बरेच कमी होतात. विचारून बघा, न विचारता कोणी सांगत नाही.

आता गोव्याचा खास मुद्दा, आणि इथेच लोकांचे पैसे जास्त वाया जातात. ऑनलाइन कोच बहुतेकदा बाहेरचा असतो, म्हणजे समजा बेंगळुरूचा, जे समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे आणि पहाटे मस्त गार असतं. इथे मे महिन्यात पहाटे पाचलाही पारा २६-२७ ला अडकलेला, हवा दमट, घाम निथळतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही, म्हणून त्याच पेसला हार्ट रेट वर चढतो. ज्याला हे माहीत नाही तो उंटावरून शेळ्या हाकणार. बाहेरचा कोच वाईट असं अजिबात म्हणत नाही मी, चांगले आहेत, पण त्याने हवेचा प्रश्न स्वतःहून विचारला पाहिजे.

उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला हाफ दोन तासांच्या आत करायचीय, त्याला किलोमीटरला ५:४१ चा पेस लागतो. बुधवारी प्लॅनमध्ये पाच किलोमीटर टेम्पो (जोराचा पण टिकवता येईल असा रन) ५:२५ ने आहे, पाऊस नुकताच थांबलाय, तुम्ही धावलात आणि स्प्लिट (एकेका किलोमीटरचा वेळ) आले ५:२४, ५:२७, ५:३६, ५:४९, ६:०२, हार्ट रेट १५८ वरून १७८. हे तुम्ही कोचला पाठवलं.

एक कोच लिहितो, 'गुड जॉब, कीप इट अप', आणि अंगठा.

दुसरा लिहितो, 'मनाची तयारी कमी पडते, पुढच्या वेळी सोडायचं नाही.'

तिसरा विचारतो की किती वाजता धावलास, रात्री किती झोपलास, आदल्या दिवशी काय होतं, आणि मग सांगतो की पहिले दोन किलोमीटर या हवेत जास्तच जोरात गेले, पुढच्या बुधवारी पेस बघायचाच नाही, आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये दोन मिनिटं चाल, एखादं छोटं वाक्य बोलता येईल एवढ्याच जोराने, आणि उजाडायच्या आत रायबंदरच्या कॉजवेवर जा कारण तो सपाट आहे आणि सातनंतर गाड्या वाढतात.

पहिल्या दोघांना पैसे देऊ नका. तिसरा भेटला तर फीवर फार घासाघीस करू नका.

पण हे पैसे भरायच्या आधी कसं कळणार? एक फोन मागा, वीस मिनिटांचा. कोण जास्त प्रश्न विचारतो ते बघा. ज्याने तुमच्या जुन्या दुखापती, कामाच्या वेळा, झोप, कुठल्या रस्त्यावर धावता हे न विचारता पॅकेज सांगायला घेतलं, त्याचा फोन गोड बोलून ठेवा. तुम्ही विचारायचं ते असं: माझा प्लॅन तुम्ही स्वतः लिहिणार की तुमचा असिस्टंट? सध्या किती जणांना बघता? मेसेजला उत्तर किती वेळात? आजारी पडलो तर महिना पुढे ढकलता का? चवथीला पाच-सात दिवस गावी जाणार, घरात माटोळी, आरत्या, नेवऱ्या, धावणं होणार नाही, तेव्हा काय करू? या शेवटच्या प्रश्नावर जो वैतागतो किंवा 'मोदक बंद' म्हणतो त्याला गोवा कळलेला नाही. आणि माझा आवडता प्रश्न, मागच्या महिन्यात कोणाचा प्लॅन मध्येच बदललात आणि का? नाव न घेता सांगू दे. खरंच बदलत असेल तर लगेच सांगता येतं, नसेल तर गोलगोल बोलायला लागतो.

सर्टिफिकेट बघा जरूर. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा, वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सची कोचिंगची लेव्हल, यांना अर्थ आहे, त्या माणसाने शिकायला वेळ दिलाय एवढं नक्की कळतं. त्याची स्वतःची मेडल्स मात्र मोजू नका, जोरात पळता येणं वेगळं आणि दुसऱ्याला पळवता येणं वेगळं. ट्रॅकवर तरुण पोरांना १०० मीटर शिकवणारा उत्तम कोच तुमच्या पन्नाशीतल्या हाफसाठी बरोबर असेलच असं नाही.

लगेच सोडून द्यावं अशी दोन लक्षणं. एक, दुखतंय म्हटल्यावर पेनकिलर घेऊन पळायला सांगणारा, कारण लांब पल्ल्यात घाम जात असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला महागात पडू शकतात. दोन, पावडर-सप्लिमेंट स्वतःच विकणारा. पाणी किती प्यायचं यासाठी तर कोचचीही गरज नाही: धावण्याआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा, मध्ये काही प्यायला नसाल तर जेवढे किलो कमी तेवढे साधारण लिटर घाम गेला. आमच्या हवेत तो आकडा बघून घाबरायला होतं कधी कधी. पण म्हणून नुसतं पाणी ढोसू नका, मीठही जातं, लांब रनला ओआरएस ठेवा.

कोच ठरला तरी वर्षाचं पॅकेज घेऊ नका, डिस्काउंट कितीही असो. आधी एक महिना, मग फार तर दोन.

आणि वसूल होतंय की नाही हे मोजताना इथली हवा फसवते. सप्टेंबरात कोच लावला, जानेवारीत टायमिंग सुधारलं, सगळे म्हणतात कोच भारी. अहो, पहाटेचा पारा २० च्या आसपास आला, चिकचिक कमी झाली, की आपल्याकडे सगळेच जोरात धावतात, ज्यांना कोच नाही तेसुद्धा. उलट मार्चमध्ये लावला तर मेमध्ये टायमिंग बिघडलेलंच दिसणार, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मागच्या वर्षीचं काही नसेल तर तुमच्याच पेसचा, कोच न लावलेला एखादा दोस्त बघा आणि दोघांच्यात फरक पडला का ते बघा. आणखी एक सोपी मोजणी: तोच रस्ता, तीच वेळ, तसाच दिवस, तोच आरामाचा पेस, हार्ट रेट खाली आला का? आठ आठवड्यांत थोडा तरी यायला हवा. किती दिवस दुखण्यामुळे बुडाले हेही मोजा, माझ्या हिशोबात ते टायमिंगपेक्षा वर आहे.

नाहीच जमलं तर महिना संपायच्या चार दिवस आधी एक साधा मेसेज टाका, 'सर, पुढच्या महिन्यापासून थांबतोय, आतापर्यंतचा प्लॅन आणि नोंदी पाठवाल का.' कारण द्यायची गरज नाही. त्या नोंदी मात्र नक्की मागून घ्या, तुमच्या शरीराच्या आहेत त्या, आणि पुढच्या कोचला किंवा फिजिओला पहिल्याच दिवशी त्याच लागतात.