बेअर ब्यूटला तंबू ठोकण्याआधी

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, स्टर्जिस गावाजवळचा बेअर ब्यूट डोंगर लाकोटा आणि शायेन या तिथल्या मूळनिवासी लोकांचं जागृत देवस्थान आहे. ते आजही इथे उपास धरून प्रार्थनेला बसतात. कॅम्पग्राउंड पायथ्याच्या तळ्याजवळ, हायवे ७९च्या पलीकडे. साधंच आहे: वीज नाही, फ्लशचे संडास नाहीत. त्यामुळे हेडलॅम्प, पॉवर बँक आणि भरपूर पाणी घरूनच न्यावं.

ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसला मोटरसायकलींचा प्रचंड मेळावा भरतो. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळाच.

शिखराची वाट साधारण तीन किलोमीटर, चढ खडा. पहाटेच निघा. वाटेत झाडांना लाल, पिवळ्या, पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या आणि तंबाखूच्या बारीक पुरचुंड्या बांधलेल्या दिसतील. ते नवस-प्रार्थनेचं आहे. कितीही जीर्ण दिसलं तरी हात लावू नका, 'कचरा' म्हणून उचलू तर मुळीच नका, आणि फोटोही नको. कोणी प्रार्थनेत दिसलं तर मोबाईल खिशात घालून, आवाज न करता पुढे व्हा. वाट सोडून जाऊ नका. ब्लूटूथ स्पीकर मात्र गाडीतच राहू द्या, तळावरसुद्धा.