पोटाला मार लागलेले मूल : सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन कधी करावे

अपघातानंतर पोटदुखीची तक्रार करणाऱ्या मुलाचा रक्तप्रवाह स्थिर आहे की नाही, यावरच पुढची प्रत्येक तपासणी ठरते. मुलांमध्ये बराच रक्तस्राव होईपर्यंत रक्तदाब टिकून राहतो. म्हणून वाढलेली नाडी, थंड पडलेले हातपाय आणि सुस्ती या लक्षणांवर अधिक भरवसा ठेवावा. द्रव आणि रक्त देऊनही जे मूल सावरत नाही, त्याला सीटी स्कॅनसाठी हलवू नये. खाटेशेजारीच सोनोग्राफी करून पोटात रक्त साचले आहे का ते पाहावे आणि शल्यचिकित्सकाला तातडीने बोलवावे.

स्थिर मुलाच्या सोनोग्राफीत यकृत व उजव्या मूत्रपिंडामधली जागा, प्लीहेभोवतालचा भाग, ओटीपोट आणि हृदयाचे आवरण येथे द्रव, म्हणजे साचलेले रक्त, आहे का ते पाहतात. येथे एक इशारा फार महत्त्वाचा वाटतो : द्रव दिसला नाही, एवढ्यावरून मुलाला घरी पाठवू नये, कारण यकृत किंवा प्लीहा फाटली तरी रक्त अवयवाच्या आवरणातच अडून राहू शकते.

पोट दाबल्यावर दुखणे, पोटावर गाडीच्या पट्ट्याचा (सीटबेल्टचा) वळ, वारंवार उलट्या, लघवीतून रक्त किंवा यकृताच्या रक्तचाचण्यांमधील वाढ यांपैकी काही आढळल्यास सीटी स्कॅनचा विचार करावा. यांपैकी काहीच नसेल आणि मूल पूर्ण शुद्धीवर असेल, तर सीटी स्कॅनचा किरणोत्सर्ग बहुधा टाळता येतो. स्कॅन करायचे ठरले, तर शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये अवयव ठळक दिसावेत म्हणून टोचतात ते औषध) देऊन, सुमारे ७० सेकंदांनी, एकदाच आणि मुलाच्या वजनानुसार कमी केलेल्या किरणमात्रेत करावे. कॉन्ट्रास्टशिवायच्या स्कॅनमध्ये अवयवातली चीर सहज निसटते.

सर्वांत फसव्या इजा स्वादुपिंड आणि आतड्याच्या असतात. सायकलच्या हँडलचा मार पोटात बसला, तर स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मणक्यावर चेपला जातो. गाडीच्या पट्ट्यामुळे आतड्याबरोबर कमरेचा मणकाही मोडू शकतो, त्यामुळे त्याच स्कॅनमध्ये मणकेही नीट पाहावेत. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड शाबूत असूनही पोटात बराच द्रव दिसला, तर आतडे फाटल्याची शंका घ्यावी. पहिल्या काही तासांत मात्र स्कॅन निर्दोष दिसू शकतो. म्हणून शक्यतो एकाच डॉक्टरने पोट पुन्हा पुन्हा तपासावे. स्वादुपिंडाच्या नलिकेविषयी शंका उरल्यास एमआरआय उपयोगी पडतो.

सांगितलेली हकिगत आणि आढळलेली इजा यांचा मेळ बसत नसेल, तर मारहाणीची शक्यता नोंदवावी. अशा वेळी दोन वर्षांखालील मुलाच्या संपूर्ण सांगाड्याचे एक्स-रे काढणे आवश्यक असते.