गाडे तळेगावचे, अंबादास अकोल्याचे, अन् मी व्हायव्हात गप

बीएफएला (चित्रकलेच्या डिग्रीला) नवीन लागलेल्या आपल्या भागातल्या पोट्ट्यांसाठी लिहून राहिलो, आर्ट हिस्ट्रीत मी केली ती चूक तुम्ही करू नका, बस.

मी दारव्हा तालुक्यातला, घरी कापूस अन् तूर. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली म्हणून ड्रॉइंगच्या सरांनी सीईटी द्यायला लावली, बाबा म्हणे चित्रं काढून पोट भरते काय बे (अजूनही म्हणतात). प्रॅक्टिकल जमायचं पण आर्ट हिस्ट्री म्हणजे डोक्याला ताप. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतली कला हा टॉपिक मी नुसती सनावळी म्हणून घोकला, मुंबईच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७, ललित कला अकादमी १९५४, झालं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मॅडमनी विचारलं, हा प्रोग्रेसिव्ह ग्रुप मुंबईतच काहून निघाला, नागपुरात का नाही? मी गप.

त्या ग्रुपातले रझा नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकलेले, गाडे तर आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, तेच शंकरपटवालं तळेगाव, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मुंबईत जेजे आर्ट स्कूल होतं अन् हिटलरच्या काळात युरोप सोडून आलेले तिघं होते, लँगहॅमर टाइम्समध्ये आर्ट डायरेक्टर, लायडन पेपरात समीक्षा लिहायचा, श्लेसिंजर चित्रं विकत घ्यायचा. शिकवणारे, छापणारे, विकत घेणारे, सगळे एकाच गावात. आपल्याकडे आजही चित्र विकायचं म्हटलं तर कोणाच्या दारात उभं राहायचं सांगा.

तेव्हापासून कोणताही देश वाचायला घेतला की मी आधी बघतो शाळा कोणाची, पैसा कोणाचा अन् भांडण कशावरून. नायजेरिया घ्या. १९५८ ला झारियाच्या कॉलेजातली पोरं, उचे ओकेके, डेमास न्वोको वगैरे, ब्रिटिश पद्धतीच्या शिकवणीला वैतागून स्वतःची सोसायटी काढतात, अन् १९६० ला देश स्वतंत्र होतो त्याच वर्षी ओकेके नॅचरल सिंथेसिस मांडतो, म्हणजे बाहेरचं कामाचं ते घ्या पण घरचं सोडू नका. इग्बो बायका अंगावर अन् भिंतीवर उली नावाची नक्षी काढायच्या, तीच रेषा त्याने कागदावर आणली. हे वाचलं अन् मला आमची आजी आठवली, ती शेणाने सारवलेल्या भिंतीवर चुन्याने बोटं ओढायची अन् मी कॉलेजात मात्र पिकासोची नक्कल मारत होतो.

सेनेगलचं उलटं, तिथं राष्ट्राध्यक्ष सेंघोर स्वतः कवी, म्हणून आर्ट स्कूल सरकारचं, थिएस गावात टॅपेस्ट्रीचा (विणलेल्या चित्रांचा) कारखाना, १९६६ ला डाकारला मोठा फेस्टिव्हल. पैसा सरकारचा म्हटलं की आवडनिवडही सरकारचीच, मग सत्तरच्या दशकात इस्सा सांबसारखे तिथलेच कलाकार त्यावर उखडले. भांडण सापडलं की सन आपोआप लक्षात राहते, खरंच.

आपल्याकडचंही तसंच. १९६३ ला दिल्लीत ‘ग्रुप १८९०’ (हे नाव आहे, सन नाही) या चित्रकारांच्या ग्रुपचं प्रदर्शन झालं, १२ जण, युरोपची उसनवारी बस झाली म्हणणारे, अन् त्यात आपले अकोल्याचे अंबादास. नोट्स काढताना तिथूनच सुरू करा.

अन् एकदा मुंबईला जाऊन मूळ चित्रं बघाच, मोबाईलवर रंग काहीच कळत नाही. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडा, सकाळी पोचता. फक्त सोमवार टाळा, एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) बंद असते. मी सोमवारीच गेलो होतो.