सोहिरोबांचं पद मंडळात बसवायचं तर

सप्ताहासाठी संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचं पद घ्यायचं ठरवलंत, तर ‘हरिभजनाविण काळ घालवू नको रे’ यापासून सुरुवात करा. पं. जितेंद्र अभिषेकींमुळे ते गोव्यात घरोघरी पोचलं आहे. चाल सगळ्यांच्या कानात असते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जात नाही. म्हणून पेडण्यात आमच्या महिला मंडळाला शिकवताना मी सुरुवातीला पेटी उघडतच नाही. टाळही पिशवीतच. एकेकीने एकेक ओळ मोठ्याने वाचायची, बस्स.

‘दोरीच्या सापा भिऊनि भवा’ इथे थांबा. काळोखात दोरी साप वाटते, तसा जीव संसाराला भितो आणि त्या भीतीत शिवाची भेट राहून जाते. एवढं समजलं की मगच पुढची ओळ घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो ‘विवेकाची ठरेल ओल’ या कडव्याला. बोलणं असं हवं की ऐकणाऱ्याच्या मनात विवेकाची ओल धरून राहील. आपलंच मत रेटत बसलं तर नुसता चिखल कालवला जातो. शेतात राबलेल्या बायांना हे समजावत बसावं लागत नाही. बी रुजायला किती ओल पुरे आणि ते कुजतं कशाने, हे त्याच मुलींना सांगतात. त्यांना सांगू द्या, आपण मधे बोलू नये.

‘अनुभवाविण मान हालवू नको रे’ ही ओळ तर मी मंडळाचा नियमच मानते. अर्थ कळला नसेल तर कुणी मान डोलवायची नाही, सरळ विचारायचं.

मुली असतील तर चरित्रही सांगा. घराणं पेडण्यातल्या पालयेचं. जन्म १७१४चा, बांद्याचा. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की बांदा आलंच, तेव्हा मुलींना एकदा तिथे घेऊन जा. घरात कुळकर्णीपण होतं. सावंतवाडीच्या वाटेवर इन्सुलीच्या रानात फणस खायला बसले असता गहिनीनाथांनी अनुग्रह दिला, असं परंपरा सांगते. पुढे ते उत्तरेत गेले, महादजी शिंद्यांपुढेही ‘अवधूत, नहीं गरज तेरी’ असं बेधडक म्हणाले. ही गोष्ट मुलींना फार आवडते, आणि आवडावीच.

आता पेटी काढा. ठेका साधा भजनी, लय धिमी. पखवाजवाल्याला आधीच सांगून ठेवा की या पदात लय चढवायची नाही. ‘नको रे’ हे शब्द जवळच्या माणसाला विनवावं तसे म्हणायचे. तिथे आवाज चढला की पद दटावल्यासारखं ऐकू येतं. ‘सोहिरा म्हणे ज्ञानज्योती’ला टाळ हळू करा आणि ती ओळ सगळ्यांनी मिळून म्हणा, मुख्य गाणारीने एकटीने नव्हे.

हे पद नीट बसलं की ‘दिसणे हे सरले’ घ्या. ते अवघड आहे. नवख्या मुलींना त्यात लगेच ओढू नका. जाणत्या बायांनी आधी गावं, मुलींनी काही दिवस नुसतं ऐकावं.