स्नेअर नीट वाजत नसेल तर आधी उलटा करा

स्नेअर म्हणजे खालच्या बाजूला तारा ताणून लावलेला ड्रम. माझा पहिला स्नेअर कुणीतरी वापरून विकलेला होता. १४ इंच व्यास, साडेपाच इंच खोली, स्टीलचा, वर आठ आणि खाली आठ रॉड, म्हणजे पडदा ताणणारे स्क्रू. जोरात हाणला की छान कडाडायचा. हळू वाजवायला गेलं की खालच्या तारा ढिम्म. घोस्ट नोट्स, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे पुटपुटल्यासारखे वाजवायचे ते हलके ठोके, तर डब्यावर बोट आपटावं तसे ऐकू यायचे. वर्षभरात मी वरची तीन हेडं, म्हणजे पडदे, बदलली. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटी एकदा तारांची दोरी तुटली म्हणून ड्रम उलटा केला, तर खाली पांढरं, खरखरीत, चांगलं जाडजूड हेड. वर लावायचं हेड आधीच्या मालकाने खाली लावून टाकलं होतं, आणि मी वर्षभर त्या ड्रमचं पोटच पाहिलं नव्हतं.

त्यामुळे कुणीही "स्नेअर मेलाय, वर कुठलं हेड लावू?" असं विचारलं की मी आधी ड्रम उलटा करायला लावते.

वरचं हेड मार खायला असतं, खालचं थरथरायला. वरचं नेहमीचं हेड १० मिल जाडीचं असतं. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे हे झालं पाव मिलिमीटर. खालचं नेहमीचं हेड ३ मिल, तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ. वर टिचकी मारली की आतली हवा दबते, ती खालच्या हेडला ढकलते, आणि त्याला टेकलेल्या तारा सळसळतात. खाली जाड हेड असेल तर हलक्या ठोक्याची हवा त्याला हलवूच शकत नाही. माझ्या ड्रमचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून खालचं हेड घेताना पाकिटावर "स्नेअर साइड" लिहिलंय ना, एवढं बघायचंच. तिथे ३ मिल सोडून दुसरं काही घ्यायचं कारण मला क्वचितच सापडलंय. अगदी नाजूक वाजवणाऱ्यांसाठी २ मिलचं मिळतं, दणकून वाजवणाऱ्यांसाठी ५ मिलचं.

वरच्या हेडला मात्र पर्याय पुष्कळ, आणि माणसं अडकतात तीही इथेच. मला विचाराल तर पहिलं हेड एकाच थराचं, १० मिलचं, पांढऱ्या कोटिंगचं घ्या. रेमोचं कोटेड अँबॅसॅडर किंवा एव्हन्सचं कोटेड जी-वन, दोन्ही याच जातीची. हळू वाजवा, जोरात वाजवा, प्रत्येक ठोक्याला ते वेगळं उत्तर देतं. ब्रश वापरणार असाल तर कोटिंग हवंच. ब्रशचा आवाज घासण्यातून येतो, गुळगुळीत हेडवर घासायला काही नसतं.

दोन थरांची हेडं, साधारण ७ अधिक ७ मिलची, जास्त टिकतात, कमी खणखणतात आणि खालच्या पट्टीत लावली की जाड, बुटका आवाज देतात. रॉक वाजवणाऱ्या, रिमशॉटवर, म्हणजे काठी हेडवर आणि कडेच्या रिमवर एकदम हाणण्यावर, जगणाऱ्या हातांना ती मानवतात. बदल्यात हलक्या ठोक्यांची नजाकत जाते. मधे गोल ठिपका असलेली हेडं या दोहोंच्या मधली. कडेला बारीक भोकं पाडलेली "ड्राय" हेडंही असतात, त्यांत आस, म्हणजे ठोक्यानंतर घुमत राहणारा आवाज, लवकर तुटते. ती मला आवडत नाहीत. आवाज आधीच मारून ठेवलेलं हेड घेतलं तर नंतर तो जिवंत करता येत नाही. जिवंत हेडचा आवाज दाबणं हे मात्र चिकटपट्टीच्या तुकड्याचं काम.

आता लावणं. दोन्ही हेडं बदलायची असली तरी एका वेळी एकच काढा. जुनं सोडवताना एकच रॉड पूर्ण काढून पुढच्याकडे वळू नका, नाहीतर रिम, म्हणजे हेड दाबून धरणारं कडं, वाकते. समोरासमोरच्या जोड्या अर्धा अर्धा फेरा ढिल्या करत जा. हेड निघालं की शेलची, म्हणजे ड्रमच्या गोल सांगाड्याची, कड कोरड्या फडक्याने पुसा आणि डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवा. खाच किंवा फुगवटा डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो. खालच्या बाजूला दोन जागी कड मुद्दाम थोडी उतरलेली असते. तिथून तारा जातात, तो दोष नव्हे. रॉडच्या आट्यांना तेलाचा एकेक थेंब द्या. कोरड्या आट्या रॉड फिरवायच्या चावीला खोटं बोलायला लावतात: हाताला घट्ट लागतं, हेड मात्र सैलच असतं.

सुरुवात खालच्या हेडपासून. ड्रम घडी घातलेल्या टॉवेलवर पालथा ठेवायचा, म्हणजे दुसरं हेड गप्प राहतं. तारा आधी काढून ठेवा. सगळे रॉड नुसत्या बोटांनी, लागतील तेवढे फिरवा. मग चावी घेऊन समोरासमोर: एक, त्याच्या बरोबर समोरचा, मग शेजारची जोडी. आधी अर्धा अर्धा फेरा, सुरकुत्या गेल्या की पाव पाव. वरचं हेड बसवताना याच टप्प्यावर तळव्याने मधे बेताने दाबते. कधी कधी करकर असा आवाज येतो, तो हेड रिंगमध्ये धरून ठेवणाऱ्या गोंदाचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकून हात मागे घेतला होता. काही होत नाही. खालच्या हेडवर हा प्रयोग नको, ते पातळ असतं. त्यावर काठीही मारायची नाही.

मग टिचक्या. प्रत्येक रॉडसमोर, कडेपासून इंचभर आत, एकसारख्या जोराने. इथे बहुतेकांचा गोंधळ उडतो, कारण कडेला ऐकू येणारा स्वर हा मधे ठोकल्यावर येणारा स्वर नसतोच. तारेचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट असे सरळ पटीत येतात, गोल पडद्याचे तसे येत नाहीत. हिशेबातल्या आदर्श पडद्यावर मूळ स्वरानंतरचा पहिलाच स्वर १.५९ पटीवर असतो, आणि कडेच्या टिचकीला तोच ठळक ऐकू येतो. म्हणून कडेची तुलना कडेशीच करायची, मधल्या ठोक्याशी नाही. ताण सगळीकडे सारखा नसला की हा कडेचा स्वर दोन जवळजवळच्या स्वरांत फुटतो आणि आवाजात वँव-वँव असा हेलकावा येतो. हेलकावा थांबला की हेड लागलं.

एखादा रॉड चढा लागला तर त्याला थेट उतरवून सोडू नका. जरा जास्तच उतरवा आणि मग घट्ट करत सुरावर या. उतरवून सोडलेला रॉड पुढच्या चार ठोक्यांत आणखी उतरतो. आणखी एक गंमत: कमी लागणाऱ्या जागेचा दोष कधी कधी समोरच्या रॉडचा असतो. एकाच रॉडशी झटापट चालली असेल तर त्याच्या समोरचा तपासा.

खालचं किती चढवायचं? वरच्या हेडच्या कडेचा स्वर सा धरला तर खालच्याचा ग ते प यांच्यामध्ये कुठेतरी. ग जवळ आवाज भरीव, प कडे सरकला की तुटक आणि चटपटीत. मी बहुधा म च्या आसपास थांबते. अंगठ्याने मधे हलकेच दाबलं तर जेमतेम लवलं पाहिजे. इतकं ताणायला नव्या माणसाला भीती वाटते, हेड फाटेल असं वाटतं. पण सैल खालचं हेड म्हणजे लोळणाऱ्या तारा, आणि मग लोक त्या तारा आवळत बसतात.

वरचं हेड मी मधल्या ताणावर सुरू करते आणि पाव पाव फेऱ्याने चढवत, दर वेळी मधे ठोकून ऐकते. एका टप्प्यावर ड्रम खुलतो: आवाजाला पोट असतं आणि काठीही नीट उसळते. त्याच्या पुढे गेलं की आवाज आखडतो, लहान होतो. तिथून अर्धा फेरा मागे, आणि वर सांगितल्यासारखं पुन्हा पुढे येऊन थांबायचं. ही जागा प्रत्येक ड्रमची वेगळी. आकडा पाठ करून उपयोग नाही.

आता तारा लावा. पट्टी किंवा दोरी दोन्ही टोकांना सारखी, तारा बरोबर मधे. स्ट्रेनर, म्हणजे तारा हेडला टेकवणारी कळ, चालू करून तिचा स्क्रू पूर्ण सैल ठेवा आणि कडेजवळ बोटाने हळूच टकटक करत तो आवळत जा. आधी खरखर, मग सळसळ, मग स्वच्छ. स्वच्छ झालं की थांबा. त्यापुढे तारा खालच्या हेडचा गळा धरतात.

खणखण फार वाटते म्हणून लगेच आवाज दाबणाऱ्या जेलचा तुकडा चिकटवू नका. आपले कान ड्रमपासून दोन फुटांवर असतात, ऐकणाऱ्याचे नसतात. दुसऱ्याला वाजवायला बसवा आणि दहा पावलं लांब जाऊन ऐका. तिथेही त्रास झाला तर कडेजवळ एक छोटा तुकडा लावा, मधे कधीच नाही.

टॉम, म्हणजे सेटमधला बिनतारांचा शेजारी ड्रम, वाजला की तारा आपोआप गुणगुणतात, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. ती पूर्ण जात नाही. टॉमचा आणि स्नेअरचा स्वर जवळ आले की तारा जागतात, तेव्हा टॉम जरासा चढवा किंवा उतरवा आणि तारा मात्र होत्या तशा सोडा.

रिमशॉट वाजवत असाल तर तुमच्या पोटाकडचे दोन रॉड सर्वांत आधी ढिले पडतात. मी त्या दोघांच्या डोक्यावर आणि शेजारी रिमवर मार्करने एकेक रेघ ओढून ठेवलीये. वाजवायला बसले की नजर आधी तिथे जाते; रेघा सरकलेल्या दिसल्या की टिचकी मारून स्वर पाहते आणि चावीने जागेवर आणते. वरच्या हेडचं कोटिंग मधे उडालं, खळगा पडला की ते जातं. अशी दोन-तीन गेली की खालचंही बदलते, मग ते फाटलेलं नसलं तरी. उजेडात तिरकं धरलं की तारांच्या टोकांनी केलेले वण त्यावर दिसतातच.